वायसर

इमामनं हाताला फडकं गुंडाळलं आणि चालू इंजिनाच्या पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन अडखळलं. ती परत बसवून दुसरी उपसली. पुन्हा अडखळलं. तिसरी उपसली, तर इंजिनाला पत्ताच नाही. आधी लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं. कामचुकार गड्यानं रजा घ्यावी आणि शेतात कुणाच्या ध्यानातही येऊ नये, तसं.

“तिसरा,” तो म्हणाला.

“तिसरा तर तिसरा. जागा कर त्याला,” पिकअपचे मालक श्रीपाल आण्णा म्हणाले. “गेल्या आठवड्यात म्हणालतास, हरणावानी पळंल. कागलपासनं खोकतंय तुझं हरीण.”

श्रीपाल आण्णांचा आजऱ्याला काजूचा कारखाना. दुसऱ्याचा शब्दही ते काजूच्या बीसारखा फोडून, आतला गर बघूनच पदरात घेत. अख्ख्या कोल्हापुरात न फोडता घेतलेला शब्द एकट्या इमामचा. मंगळवार पेठेतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडवर पाटी नव्हती. आण्णा दारात गाडी लावतात हीच पाटी.

आज आण्णा लेकीला कोल्हापुरातल्या सासरहून न्यायला आले होते. त्रिशला शेडच्या सावलीत स्टुलावर बसली होती, पोटावर हात ठेवून. पहिलं बाळंतपण, माहेरी. आजऱ्याच्या वाटेवर उत्तूरपुढचा चढ, त्यानंतर रान, आणि वाटेत दवाखाना म्हणावा असं काही नाही.

इमामनं इंजिन बंद करायला सांगितलं आणि तिसऱ्या प्लगला पाना लावला. पाना फिरेना. प्लग जाम नव्हता, हातच फिरायला तयार नव्हता.

गेल्या आठवड्यात याच गाडीचं हेड उतरवून त्यानं व्हॉल्व घासले होते. गाडी गेल्यावर संध्याकाळी घासलेटाची परात उपसताना एक जादा वायसर हाताला लागायला हवा होता. जुना, कार्बोरेटरखालचा, नवा बसवताना काढलेला. तो नव्हता. त्यानं शेड झाडली, माती चाळली, पायताणं उलटी केली. वायसर सापडला नाही, पण एक विचार सापडला, आणि तो काही केल्या जाईना. हेड उघडं असताना तो इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीत पडला असला तर? आज ना उद्या सिलिंडरात उतरणार, प्लगचं तोंड ठेचणार, आणि एखाद्या चढावर पिस्टनच्या डोक्यावर अडकून इंजिन जागच्या जागी धरून ठेवणार.

आता तिसरा प्लग मेला होता.

“प्लग काढतुयास का दाढ?” आण्णा म्हणाले.

इमामनं जोर लावला. प्लग सैल झाला. तो त्यानं आण्णांकडं पाठ करून बाहेर घेतला आणि मुठीतच ठेवला. मग मूठ उघडली.

प्लग पेट्रोलनं ओला होता, काळा होता. पण तोंड शाबूत. ठेचल्याची खूण नाही.

त्यानं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. तोच प्लग वायरला जोडून त्यानं बॉडीला टेकवला.

“आण्णा, सेल्फ मारा.”

इंजिन घुरघुरलं. प्लगच्या तोंडाशी ठिणगी पडली नाही. वीजच येत नव्हती. इमाम चारी प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डेल्कोपाशी गेला. तिसरी वायर जिथं टोपणात बसते, त्या भोकात बोट घातलं. बोट चिकट आणि लाल होऊन बाहेर आलं. त्यानं वास घेतला.

“आण्णा, नारळ कुणी फोडला?”

“आमच्या आव्वानं. आज निघताना.” आईचं नाव निघताच आण्णांचा आवाज जरा खाली आला. “मी म्हणलं, टायरीपुढं फोड. ती म्हणती, बरं झालंय ते इंजिन, मग नारळ टायरीला का? बॉनेट उघडून कुंकू लावलं आणि इंजिनावरच फोडला.”

स्टुलावर त्रिशला तोंडाला पदर लावून हसली. इमामही हसला, जरा जास्तच, जरा उशिरापर्यंत. त्यानं टोपण पेट्रोलनं धुतलं, भोक खरडलं, सगळं वाळवून परत बसवलं. सेल्फ मारताच चारी सिलिंडर एका तालात बोलू लागले.

“ह्याला म्हणायचं मिस्त्री!” आण्णांनी लेकीला हात दिला. “चल बाळ. ह्येच्या हातची गाडी हाय म्हणून तुला बसवतोय, न्हायतर यष्टीनं नेली असती.”

इमामचं हसू तिथंच राहिलं. नारळानं प्लगचा हिशेब दिला होता, वायसरचा नाही.

“आण्णा,” तो म्हणाला, “आज ऱ्हावा की. उद्या एकदा हेड उघडून बघतो.”

“का? चारी बोलत्यात की.”

“तसं न्हवं…”

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. बी फोडण्याआधी बघतात तसं.

“काय हाय का सांगण्यासारखं?”

त्रिशला एक पाय पायरीवर ठेवून थांबली होती.

“न्हाय,” इमाम म्हणाला. त्यानं खुंटीवरची पान्यांची पिशवी काढली आणि तो मागं हौद्यात चढला.

“आता तू कुठं?”

“आजऱ्याला. घनसाळ तांदूळ आणायचाय. आमची घरवाली सलिमा कवाधरनं मागं लागलीया.”

“तांदूळ आणायला पानं लागत्यात व्हय रं?” आण्णा म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसले.

उत्तूर मागं पडलं. चढ लागला तसा आण्णांनी गियर खाली घेतला. इंजिनाचा आवाज जड झाला. हौद्यात इमाम उकिडवा बसला होता, पिशवी मांडीत घेऊन. उजवा तळवा त्यानं पत्र्यावर दाबून ठेवला होता. एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन. सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात, त्या क्रमानं तो ठोके मोजत होता. रस्त्यावरचा खडा चाकाखालून उडून पत्र्यावर टण्णकन वाजला आणि त्याच्या मांडीतली पिशवी खाली पडली.

केबिनच्या मागच्या खिडकीकडं त्रिशलानं मान वळवली.

“चाचा, खरं सांगू? सकाळपासनं लई भ्या वाटत हुतं मला. वाटंतच काय झालं तर म्हणून. आता न्हाय वाटत. तुम्ही हायसा की.”

“व्हय की, बाळ,” इमाम म्हणाला.

ती पुढं वळली. चढ अजून बराच होता. खाली पडलेली पिशवी त्यानं पायानंच जवळ ओढली. तळवा पत्र्यावरून उचलला नाही.