झारेंबाच्या नावाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पोळीभाजीचा नव्हे, शिपायाचा. ॲल्युमिनियमचा, चौकोनी, दुमडत्या दांडीचा. पोलंडच्या उत्तरेला काशुबी लोकांच्या एका खेड्यात मी वर्षानुवर्षं कोंबड्यांना दाणे घालायच्या कामी होतो. मेल्या चोचीही मारायच्या. असो. पोटापुरतं काम होतं, तक्रार नव्हती.

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना मी इंग्लंडातल्या एका कारखान्यात तयार झालो आणि तिथून स्कॉटलंडच्या छावणीत गेलो. तिथे पोलिश फौजेची भरती चालू होती. माझ्या वाट्याला आल्फोन्स ग्रूबा नावाचा माणूस आला. जर्मनांनी त्याचा मुलूख गिळला होता आणि वर त्याच्याच अंगावर आपला गणवेश चढवला होता. नाही म्हणावं, तर घरच्यांची खैर नव्हती. फ्रान्समध्ये संधी मिळताच हा हात वर करून पलीकडे गेला, आणि आता त्याला आपल्या माणसांच्या फौजेत यायचं होतं.

“घरी कोण आहे रे?” भरतीच्या कारकुनाने विचारलं.

“बायको आणि मुलगी. दोघी जर्मनांच्या ताब्यात आहेत.”

“मग हे नाव इथेच सोड. तू आमच्याकडे आहेस हे तिकडे कळलं, तर त्या दोघींचं काही खरं नाही. दुसरं सांग.”

तसं त्याच्या मुलखातले बहुतेक जण करत. तो लेओन झारेंबा झाला आणि त्याने खिळ्याने तेच नाव माझ्या बुडावर कोरलं. दुखलं, पण मी कुणाचा तरी झालो.

ते माझे मानाचे दिवस होते. हॉलंडच्या चिखलात रणगाड्याच्या आडोशाला माझ्यात कधी कालवण शिजे, कधी नुसता चहा. “झारेंबा, तुझा डबा दे की जरा, माझ्याला भोक पडलंय,” असं म्हणत सोबती मला घेऊन जात आणि घासूनपुसून परत आणत.

लढाई संपली आणि आम्ही गावी आलो. तो पुन्हा आल्फोन्स झाला. पण पश्चिमेकडून लढून आलेल्यांवर नव्या कम्युनिस्ट राज्यकर्त्यांचा डोळा होता. एक दिवस पोलीस आले आणि त्यांनी मला उलटून पाहिलं.

“हा झारेंबा कोण?”

“होता एक ओळखीचा. मेला,” आल्फोन्स म्हणाला.

मित्रांनो, जिता माणूस स्वतःलाच मेला म्हणत होता. पुढे त्याने घरीही तेच सांगितलं. मी खुराड्यात गेलो. एक नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या सणाला, सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावतं. ज्यांची थडगी दूरदेशी आहेत, त्यांच्यासाठी मधल्या क्रुसापाशी लावतात. आल्फोन्स तिथे दरवर्षी एक लावायचा. मुलीने, गेर्त्रुदाने, एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, “झारेंबासाठी.” त्याच्यामागे ती मेणबत्ती तिने चालू ठेवली.

शेवटच्या दुखण्यात तो तिला एवढंच म्हणाला होता, “मी आपल्या फौजेतही होतो हो पोरी.” पुढे ते राज्यकर्ते गेले, काळ पालटला. चर्चच्या आवारात गावातल्या पोलिश सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. गेर्त्रुदा तोवर सत्तरीपार गेली होती. वडिलांचं नाव त्यावर पाहूनच डोळे मिटायचे, एवढीच तिची इच्छा होती. समितीचा प्रमुख ब्रूनॉन शेजारीच राहायचा.

“गेर्त्रुदा, तुझे वडील जर्मन टोपीत गेलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत,” तो म्हणाला. “पुरावा आण, नाहीतर उद्या जो तो आपला बाप घेऊन येईल.”

तिच्या नातीने, दोरोताने, इंग्लंडच्या सैनिकी नोंदींच्या कचेरीत अर्ज धाडला. नाव लिहिलं आल्फोन्स ग्रूबा. मी खिडकीखालीच पडलो होतो. मला उलटं करा, बुड बघा, असं ओरडावंसं वाटत होतं. काही महिन्यांनी उत्तर आलं की या नावाचा कुणी सैनिक नोंदीत नाही.

गेर्त्रुदा दोन दिवस जेवली नाही. मग कोंबड्यांना दाणे घालता घालता तिने मला उलटं केलं आणि बुडावरच्या नावावरून बोट फिरवलं.

“दोरोता, माझं राहू दे. या झारेंबाचं तरी विचार. कुठे पुरलाय बिचारा, कोण आहे त्याचं. त्याच्या घरच्यांना हा डबा पोचता करू. आपण इतकी वर्षं वापरला.”

“आजी, स्वतःचं जुळेना आणि लोकांचं कुठे शोधत बसतेस?”

“लोकांचं काय त्यात? माझ्या बाबांचा सोबती होता तो.”

दुसरा अर्ज गेला. जाड पाकीट आलं. दोरोताने पहिलं पान उघडलं आणि आजीपुढे धरलं. वर फोटो होता. तरुण, गाल बसलेले, टोपीवर पोलिश गरुड. गेर्त्रुदाने चष्मा पुसला.

“हे तर बाबा आहेत,” ती म्हणाली.

आत खरं नाव होतं, गाव होतं, हॉलंडच्या लढाईतलं पदक होतं. त्याखाली नाव बदलण्याचं कारण विचारलेलं होतं. दोरोताने ते हळूहळू वाचलं: “घरी लहान मुलगी आहे.”

गेर्त्रुदाने हातरुमालात चेहरा लपवला. “माझ्यापायी त्यांनी नाव टाकलं,” ती म्हणाली, “आणि मी त्यांना कधी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.”

ब्रूनॉन स्वतः घरी आला. टोपी काढून दारातच उभा राहिला आणि दगडावर कोणतं नाव कोरायचं ते विचारलं. तिने दोन्ही सांगितली.

मला आता घासून कपाटात ठेवलंय. मित्रांनो, जुनं भांडं भंगारात टाकण्याआधी जरूर उलटून पाहा. पण त्याच्याही आधी घरातल्या अबोल माणसापाशी जाऊन बसा. एकदा विचारून ते गप्प राहिलं, तर पुन्हा विचारा. मला बोलता येत नव्हतं. आल्फोन्सला येत होतं.