मैदा बदामी होईपर्यंत

मित्रांनो, कधी माळ्यावर चढलात तर जुन्या सामानाच्या गर्दीत घुमटासारखं एक अॅल्युमिनियमचं झाकण दिसतंय का बघा, मधोमध गोल काच बसवलेलं. तसलंच एक झाकण म्हणजे मी. एके काळी मी अख्खा होतो. मला खालचं गोल भांडं होतं, त्याच्या तळाशी तारेचं वेटोळं होतं, दोन काळ्या मुठी होत्या. मी विजेवर चालणारा ओव्हन होतो. जेवढा उरलो आहे तेवढा आता तुम्हाला आपली गोष्ट सांगतो. गोष्ट गोड नाही. तुम्ही लहान आहात म्हणून ती गोड करून सांगावी, असंही मला वाटत नाही.

एका छोट्या कारखान्यात पत्र्याची चकती फिरत्या साच्यावर दाबून मला गोलाई दिली गेली. तिथून मी नाशिकच्या भांडी बाजारात आलो आणि एका दुकानाच्या फळीवर कितीतरी दिवस बसून राहिलो. गिऱ्हाईक मला उचलून बघे, "हा डबा कशाला?" म्हणे आणि कुकर घेऊन जाई. एक दिवस लासलगावचे मोतीराम लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले. लेक बरोबर होती. चांगुणा तिचं नाव, नुकतीच बी.ए. झालेली. वडिलांनी पितळेच्या घागरीवर हात ठेवला, तिने माझ्यावर.

"ह्याच्यात काय व्हतं गं?" वडिलांनी विचारलं.

"केक होतो, दादा. नानकटाई होते. अजून पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजे काय?"

"ते मी शिकेन ना!"

अशा रीतीने मी घागरीच्या शेजारी बसून नाशिक रोडच्या एका वसाहतीत आलो. चांगुणाचा नवरा गोरक्ष अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या खात्यात सुपरवायझर होता. सासूबाई कुसाबाई घरीच असत. पुढे मंजू झाली. मी चालू असलो की चांगुणा मंजूला कडेवरून खाली ठेवत नसे. मंजू चालायला लागल्यावर तिने माझ्याभोवती पाट उभे करून कुंपण घातलं, आणि तरी दर दोन मिनिटांनी मान वळवून बघे. मी बाहेरूनही तितकाच तापतो, हे तिला स्वतःच्या मनगटावरून कळलं होतं. तिथे माझ्या कडेचा अर्धगोल डाग आहे. तो मीच दिलेला.

ती पहिली वर्षं माझ्या कौतुकाची होती. गल्लीत कुणाचा वाढदिवस असला की माझ्यातला केक जाई. कुसाबाईसुद्धा नानकटाई चहात बुडवून खात आणि म्हणत, "बरी झालीया." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मग चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत चांगुणाने एका मासिकात पिझ्झ्याची कृती वाचली. वसाहतीत तो कुणी खाल्ला नव्हता. कृतीत लिहिलं होतं, 'ओव्हन चारशे पन्नास अंश फॅरनहाइटवर तापवून घ्यावा.' चांगुणाने मासिक मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला फार लाज वाटली. माझ्यावर काटा नव्हता, आकडा नव्हता. भिंतीवरचं बटण दाबलं की मी चालू, पुन्हा दाबलं की बंद. मी किती तापलो आहे हे मलाच माहीत नसायचं, तिला काय सांगणार?

पहिला पिझ्झा खालून कोळसा झाला आणि वरचं चीज तसंच पांढरंफटक राहिलं. दुसरा वरून दिसायला छान, पण मधे बोट घातलं तर कच्च्या पिठाचा गोळा. कुसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"नाव चांगुणा, आन् करायला निघाली पिझ्झा," त्या म्हणाल्या. "मैद्याची नासाडी नुसती. गायीच्या म्होरं टाक, ती तरी खातीया का बघ."

दुसऱ्या दिवशी मंजूला झोपवून चांगुणा पुन्हा माझ्यासमोर बसली. एका ताटलीत तिने चिमूटभर मैदा पसरला, माझ्यात ठेवला आणि काचेतून बघत राहिली. मैदा आधी पांढरा राहिला, मग पिवळसर झाला, मग बदामी, आणि बघता बघता काळा. असं तिने कितीतरी दुपारी केलं. मैदा भरभर काळा पडला तर मी जास्त तापलेलो, पांढराच राहिला तर कमी. पाच मिनिटांत बदामी झाला तर बरोबर. मासिकातले चारशे पन्नास अंश तिने असे मैद्याच्या रंगात शोधून काढले. खालून करपू नये म्हणून तिने माझ्या तळाच्या ताटलीवर गोदेची चाळलेली वाळू पसरली. पोळी आधी नुसतीच अर्धी भाजायची, मग तिच्यावर टोमॅटोचं वाटण, कांदा, ढोबळी मिरची आणि डब्यातलं चीज घालायचं, हेही तिचं तिने ठरवलं. कृतीतला परदेशी पाला नाशकात कुठे मिळणार? तिने हातावर चोळून ओवा घातला.

आणि एका दुपारी तो झाला. कडा फुगलेल्या, चीज वितळून त्यावर सोनेरी ठिपके. चांगुणाने तो शेजारच्या विमलाबाईंकडे नेला. विमलाबाई वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्या ताटली हातात घेऊनच परत आल्या.

"कुसाबाई, तुमच्या सुनेला आम्ही मागायला आलो आहोत," त्या हसत म्हणाल्या. "मंडळात ओव्हनचा वर्ग काढू या. आठवड्यातून दोन दुपारी. ही शिकवेल, आम्ही शिकू."

चांगुणाचा चेहरा मी तेव्हा माझ्या काचेत पाहिला. लग्न झाल्यापासून तिला कुणी 'तू शिकव' असं म्हटलं नव्हतं. ते तिला किती हवं होतं, हे तिलाही त्या क्षणीच कळलं असावं.

विमलाबाईंसमोर नाही म्हणणं कुसाबाईंना जड गेलं. त्या म्हणाल्या, "आधी समद्या बायांना खाऊ घालू द्या की. संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याच घरी हाय. तवा करंल ती. बायांनी बरं म्हटलं तर जाऊ द्या शिकवाया. नाय तर त्यो डबा माळ्यावर, आन् पुन्यांदा नाव नाय काढायचं. काय गं?"

"चालेल, आत्याबाई," चांगुणा म्हणाली. "फक्त दुपारी ठेवू या का? मला दुपारचा हात बसलाय."

"बघू."

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते घरात मी एकट्यानेच ऐकलं. चांगुणा नळावर होती. गोरक्ष स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला.

"आई, दुपारी कशाला?" तो हळूच म्हणाला. "हळदीकुंकू दिवे लागल्यावरच असतं. संध्याकाळीच ठेव."

"आरं, तिला दुपारचं पायजे."

"म्हणून तर. संध्याकाळी इथं व्होल्टेज पडतं. सगळ्यांचे दिवे, टीव्ही, हिवाळ्याचे हीटर. तो ओव्हन नीट तापायचाच नाही."

कुसाबाईंनी दाराकडे बघितलं. "तिला ठावं नाय?"

"ती संध्याकाळी कधी लावतेय ओव्हन? गॅसवर स्वयंपाक असतो तेव्हा. आणि आपण काही वाईट करत नाही आहोत. हळदीकुंकू संध्याकाळचंच असतं." तो हसला. "ही चालली वर्ग घ्यायला. मंजूला कोण बघणार? उद्या कारखान्यात लोक विचारतील, वहिनी नोकरी करतात का म्हणून."

"मंग सांजच्यालाच ठेवू," कुसाबाई म्हणाल्या.

माझ्या पोटातली तार थंड होती. मी पत्र्याचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

संक्रांत आली. चांगुणाने सकाळपासून पीठ भिजवून ठेवलं. संध्याकाळी पाचला तिने मला लावलं, मैदा ठेवला. तो वेळेवर बदामी झाला. तिने सुस्कारा सोडला, पदराने कपाळ टिपलं आणि पोळ्या अर्ध्या भाजून घेतल्या. तेव्हा अजून उजेड होता. दिवे लागले, बायका येऊ लागल्या. तिळगूळ वाटला गेला, हशा झाला आणि विमलाबाईंनी हाक मारली, "चांगुणा, येऊ दे गं!"

पिझ्झा माझ्यात गेला आणि माझी तार हळूहळू मंदावली. आधी ती लालभडक होती, मग विझत्या विडीच्या टोकासारखी झाली. स्वयंपाकघरातला दिवा पिवळा पडला. आतल्या खोलीत गोरक्ष टीव्ही बघत होता. पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आकसलं, तेव्हा त्याने उठून शेजारच्या, व्होल्टेज सावरणाऱ्या स्टॅबिलायझरचं बटण फिरवलं. टक् असा आवाज आला. चित्र पुन्हा मोठं झालं. तो खाली बसला.

चांगुणा घड्याळाकडे बघे, माझ्या काचेकडे बघे. दुपारी एवढ्या वेळात होत असे, म्हणून तिने तेवढ्या वेळाने काढला. चीज घामट दिसत होतं, पण बाहेर बायका थांबल्या होत्या. कुसाबाई दारातून म्हणाल्या, "आन की! का बायांनी इथंच झोपायचं?"

तिने कापला. वड्या ताटल्यांत गेल्या.

एकीने तोंडातला घास हळूच तळहातावर काढला. दुसरीने विचारलं, "हे असंच असतं का हो?" तिसरी म्हणाली, "आमच्याकडे पोळी भाजून खातात बाई," आणि मग हशा फुटला. विमलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटली मांडीवरून खाली ठेवली आणि पदर सावरला. तेच जास्त लागलं.

चांगुणा म्हणाली, "थांबा, अजून एक टाकते, दुपारी तर अगदी..."

"दुपारी झोपेत झाला आसंल," कुसाबाई म्हणाल्या.

बायका पुन्हा हसल्या. आणि त्या हशात पाच वर्षांची मंजू, आपलीही कुणी दखल घ्यावी म्हणून, मधे उडी मारून टाळ्या पिटू लागली. "आईचा पिझ्झा कच्चा! आईचा पिझ्झा कच्चा!"

चांगुणाने तिच्या गालावर चापट मारली. जी बाई पोरीच्या आणि माझ्या मधे पाट उभे करायची, तीच. मंजू रडली नाही, नुसती बघत राहिली. आतून गोरक्ष बाहेर आला.

"पोरीवर कशाला हात उगारतेस?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. एवढं साधं कळू नये?"

"तुम्हाला माहीत होतं?" चांगुणाने विचारलं.

"कुणालाही माहीत असतं." त्याने मंजूला उचललं आणि आत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. कुसाबाई उन्हात बसल्या होत्या, गोरक्ष कामावर. चांगुणाने एक उरलेली पोळी काढली. मैदा पसरला, बदामी होऊ दिला. मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात इतका नेमका तापलो नव्हतो. तो पिझ्झा मी भाजलेला सगळ्यांत चांगला. तिने त्याची एक वडी कापली, फुंकर मारून गार केली आणि मंजूसमोर धरली.

"मला नको," मंजू म्हणाली. "आजी म्हणते, ते कच्चं असतं. पोटात दुखतं."

"एकच घास, मंजू. बघ तरी."

मंजूने ओठ घट्ट मिटले. गालावरचा वळ गेला होता, पण तिने मान मागे घेतली ती मात्र चापट चुकवायला घ्यावी तशी.

चांगुणा ओट्याशी उभी राहिली आणि तिने तो अख्खा पिझ्झा खाल्ला. घाई न करता, कडेच्या तुकड्यांसकट. मग तिने मला पुसलं, वायर गुंडाळली आणि मला स्वतःच माळ्यावर ठेवलं. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका हिवाळ्यात गोरक्षने माझं वेटोळं उपटून विटेवर बसवलं आणि तो त्यावर पाय शेकू लागला. माझ्या भांड्यात कुसाबाई गायीसाठी भाजीची देठं ठेवू लागल्या. मी, म्हणजे झाकण, वरच राहिलो. विमलाबाईंनी वर्ग दुसऱ्या कुणाकडून तरी चालवला. चांगुणा तिकडे कधी गेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे दुसरे ओव्हन जपा, असं मी सांगणार नाही. पत्र्याचं काय, तो वितळतो आणि त्याचा दुसरा डबा होतो. मी एवढंच सांगतो. एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल आणि दुसरा तिच्यासाठी धडपडत असेल, तर त्याला वेळेवर सांगा. ठाऊक असूनही जो गप्प बसतो, त्याचे हात स्वच्छच दिसतात. आणि घरातलं कुणी नवं काही करून तुमच्यापुढे ताटली धरली, तर बाकीचे काय म्हणतात हे ऐकण्याआधी एक घास खाऊन बघा.

मंजू आता मोठी झाली आहे. त्या दुपारचा पिझ्झा कसा लागत होता, हे तिला अजून माहीत नाही. ते फक्त तिच्या आईला माहीत आहे, आणि आई सांगत नाही.