आजारी पडणे हेच माझे काम

मी एक जुना ऊस आहे. गोडीला बेताचा, अंगाने किडमिडीत आणि आजारी पडण्यात पहिल्या नंबरचा. हसू नका, मित्रांनो. आजारी पडणे हेच माझे काम आहे आणि ते मी चाळीस वर्षे चोख करत आलो आहे.

दोन नामांकित उसांच्या संकरातून माझा जन्म झाला. आई जाडजूड, वडील साखरेचे भांडार आणि मी मात्र कोणावरच गेलो नाही. पहिल्याच वर्षी पानांवर पिवळसर पट्टे उमटवणारा विषाणूचा रोग आला आणि आमच्या ऊस संशोधन केंद्रातल्या सगळ्या उसांच्या आधी मी त्याच्या तावडीत सापडलो. माझी मुळे उपटायला माणूस आलासुद्धा होता. तेवढ्यात तिथल्या एका म्हाताऱ्या संशोधकांनी त्याला अडवले. "राहू दे त्याला. हमखास आजारी पडणारा ऊस शोधूनही मिळत नाही," ते म्हणाले. माझ्या एका निरोगी कांडीपासून पुन्हा रोप केले गेले आणि तेव्हापासून मी नोकरीला लागलो.

काम असे असते. रोगट पाने खलात वाटून रस काढतात आणि त्यातला विषाणू मरू नये म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवतात. मग नव्या जातींच्या कोवळ्या पानांवर ओरखडे पाडणारी खरखरीत पूड भुरभुरून तो रस बोटांनी चोळतात. ट्रेच्या शेवटच्या ओळीत मी असतो. तीन आठवड्यांत मी पट्टेरी झालो, की रसात जोर होता हे कळते. त्याच रसाला जो दाद देत नाही, तो खरा दणकट. एरवी मला काचघराच्या कोपऱ्यात तळहाताच्या फोडासारखे जपतात आणि मग स्वतःच्या हाताने आजारी पाडतात. पाहुणे नव्या जातींपुढे फोटो काढतात आणि माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत.

रस चोळायचे काम मावशींचे. त्यांना सगळे मावशीच म्हणतात. बावीस वर्षे त्यांच्या बोटांनी मला आजारी पाडले, पण त्यांनी मला कधी रोगट म्हटले नाही.

गेल्या हंगामात नऊ नव्या जाती तपासायला आल्या. त्यातला सात नंबर केंद्राच्या साहेबांचा लाडका. उंच, रसरशीत आणि भारी तोऱ्याचा. त्याचे बेणे, म्हणजे लावणीच्या कांड्या, शेतांवर वाटायची तारीखही ठरून गेली होती. रस चोळून एकवीस दिवस झाले आणि साहेब ट्रेपाशी आले. नऊच्या नऊ जाती हिरव्यागार!

"सगळे पास!" साहेब खूश झाले. "मावशी, करा वहीत सही."

मावशी माझ्यापाशी थांबल्या. "साहेब, हासुद्धा हिरवा आहे."

"मग चांगलंच की! सुधारला म्हणायचा शेवटी."

आयुष्यात पहिल्यांदा माझे कौतुक झाले, आणि तेही माझे काम झाले नाही म्हणून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड असते तर ओरडलो असतो.

मावशींना तोंड होते. "हा सुधारत नसतो, साहेब. हा हिरवा राहिला म्हणजे रसच मेलेला होता."

"एका रोगट उसापायी मी वाटप थांबवू?"

"मग सही तुम्हीच करा. मी करणार नाही."

मावशींनी माझा ट्रे उचलून सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी माझे एक हिरवे पान उलटून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "रस चोळायच्या आदल्या दिवशी पाहुणे आले होते. थंड पेयांच्या बाटल्या ठेवायला पेटीत जागा नव्हती. रसाची बाटली मीच बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तेव्हा गुपचूप परत ठेवली."

तोच शिळा रस आम्हा सगळ्यांना चोळला गेला होता.

वाटप थांबले. नवी रोपे लावली, ताजा रस काढला आणि तो संपेपर्यंत मावशी पेटीपासून हलल्या नाहीत. चौदाव्या दिवशी मी पट्टेरी झालो. पण सात नंबर माझ्याही आधी दोन दिवस! नऊपैकी दोनच जाती हिरव्या राहिल्या.

"हे बेणं शेतांवर गेलं असतं तर..." साहेब पुटपुटले. मावशींनी वहीत नोंद केली, सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिले.

मित्रांनो, मला गोड रस देता आला नाही, त्याची मला लाज वाटत नाही. जो लवकर आजारी पडतो, त्याला बांधावर फेकू नका. तुमच्यावर काय येणार आहे, ते आधी त्याच्या अंगावर दिसते. माझी कीव करू नका आणि मला सुधारायला तर मुळीच येऊ नका. फक्त दरवर्षी माझी एक निरोगी कांडी जपून लावा. आणि तपासणीच्या ट्रेमध्ये मी कधी हिरवागार दिसलो, तर टाळ्या वाजवू नका. घाबरा.