बोर्डावरची जाड अक्षरे

मी एक जुना, जाडजूड फॉन्ट आहे. मित्रांनो, असे गोंधळून पाहू नका. तुम्ही मला रोज पाहता, फक्त ओळखत नाही. वर्तमानपत्राचे नाव, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी, सगळीकडे मीच छाती काढून उभा असतो. आणि तुम्ही माझे जे हाल करता, ते पाहून मला तुमची कीव येते. खरे सांगायचे तर कीव कमी, किळस जास्त.

मला एका पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीने घडवले. सगळे तिला ताई म्हणत. स्वयंपाकघरातल्या टेबलावरची भांडी बाजूला सारून ती मला काढत बसे. माझ्या उभ्या रेषा अंगठ्याएवढ्या जाड, आडव्या केसासारख्या बारीक आणि रेषेच्या टोकाला एक छोटासा पाय. नुसत्या 'क्ष'साठी तिने चाळीस कागद फाडले. तिचे वडील चष्मा कपाळावर सारून बघत आणि म्हणत, "काळं कुणीही भरेल गं. अक्षराच्या पोटातलं पांढरं सांभाळ."

दोन वर्षांनी मी पूर्ण झालो. ताईने सोबत एक चिठ्ठी दिली होती: हा फॉन्ट मथळ्यांसाठी आहे, बारीक मजकुरासाठी वापरू नये. ती चिठ्ठी आजवर कोणी वाचली असेल, असे मला वाटत नाही.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. एका नाट्यगृहाने माझे तीनच शब्द भिंतभर लावले होते. रस्ता ओलांडणारी माणसे मध्येच थांबून वर बघत. मग मी कॉम्प्युटरवर आलो आणि ज्याला माउस धरता येतो तो कलावंत झाला. कोणी मला रबरासारखे ताणले, कोणी चेपले, कोणी लाल रंग फासून मागे सावली चिकटवली. एका महाभागाने अख्खी शोकपत्रिका माझ्यात छापली. वाचणाऱ्याला वाटावे, मयताच्या घरी सेल लागला आहे.

तेही मी सोसले. एका शीतगृहात जे घडले, ते मात्र सोसवत नाही.

तिथल्या थंड खोलीच्या दाराची आतली कडी बिघडली होती. दार लागले की आतून उघडत नसे. कडी दुरुस्त करायला दोन तास पुरले असते. मॅनेजरसाहेबांनी मात्र बोर्ड लावायचे ठरवले आणि ते छपाईच्या दुकानात आले.

"साहेब, हा फॉन्ट एवढ्या बारीक मजकुराला चालत नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "सगळं गिचमिड होईल."

"होऊ दे. भारदस्त दिसलं पाहिजे. सोमवारी मालक येणार आहेत."

त्यांनी कंपनीचे नाव हातभर मोठे घेतले आणि खाली उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सूचना कोंबली: 'आतली कडी बिघडली आहे. एकट्याने आत जाऊ नये.' माझ्या बारीक रेषा नाहीशा झाल्या, पोटे काळ्याने भरली, अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढली. 'जाऊ नये' आहे की 'जाऊन ये', हे माझे मलाच कळेना. मालक आले, लांबूनच "छान" म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात माल निवडायला एक मावशी कामाला लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्या एकट्या खोके आणायला आत गेल्या आणि दार मागे लागले. दीड तास त्या ओल्या हातमोज्यांनी दार बडवत होत्या. शेवटी एका ट्रकवाल्याने दार उघडले, तेव्हा त्या पुठ्ठे अंगाभोवती गुंडाळून कोपऱ्यात बसल्या होत्या. जीव वाचला. गारठ्याने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली.

"बोर्ड लावला होता. वाचून जायला नको?" असे म्हणून मॅनेजरसाहेबांनी चूक मावशींची ठरवली आणि त्यांना कामावरून काढायचा कागद तयार केला.

चौकशीला अधिकारी आले. बोर्ड छापणाऱ्या ऑपरेटरबाईंनी त्यांना मला घडवणाऱ्या ताईचा पत्ता दिला आणि त्यांनी ताईला शीतगृहात बोलावून घेतले. ताईचे केस आता पिकले होते. ती बोर्ड लावलेल्या दारापासून चार पावलांवर उभी राहिली.

"वाचा," अधिकारी म्हणाले.

"कंपनीचं नाव वाचता येतंय. खालचं नाही."

"वयामुळे असेल," मॅनेजर हसले.

"असेल. पण ही अक्षरं मी काढली आहेत. मला वाचता येत नाहीत, तर त्या बाईंना कशी येणार? तुम्हीच वाचून दाखवा ना."

मॅनेजरसाहेब बोर्डाजवळ गेले. डोळे बारीक केले.

"एकट्याने आत जाऊन..."

अधिकाऱ्यांनी ते शब्द तसेच लिहून घेतले.

मावशींना काढायचा कागद तिथेच फाडला गेला. कडी त्याच दिवशी दुरुस्त झाली. नवा बोर्ड ताईने साध्या, मोकळ्या अक्षरांत करायला सांगितला. त्यावर मी नव्हतो, आणि ते योग्यच झाले.

मित्रांनो, मला जपा, अशी गयावया मी करणार नाही. शोभेला हवा तेवढा वापरा. पण ज्या शब्दांवर कोणाचा जीव अवलंबून आहे, तिथून मला दूर ठेवा, आणि कडी मोडली असेल तर आधी कडी नीट करा.

मावशी आता दाराशी बसून मालाच्या नोंदी ठेवतात. उजव्या हाताने जमत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकल्या. त्यांचे अक्षर वेडेवाकडे आहे, पण वाचता येते.