काळ्या पट्टीतले पाहुणे

रविवारी सकाळी आमच्या टीव्हीच्या डाव्या काळ्या पट्टीत माझे सासरे राहायला आले. सोबत वळकटी, तांब्या आणि रेडिओ होता.

"जागा नुसती पडून होती," माझी बायको रेवती म्हणाली. "पंचावन्न इंची घेतलास आणि चित्र मधल्यामध्ये. येणारे-जाणारे पण विचारतात."

ती पट्टी मी मुद्दाम ठेवली होती. माझा जुना व्हिडिओ गेम जवळजवळ चौकोनी चित्र काढतो आणि नवा टीव्ही लांबुडका आहे. दोघांच्या मध्ये स्केलर नावाचा डबा लावून माप जुळवावं लागतं. ताणून टीव्ही भरला की चित्रातली माणसं बुटकी-जाडी होतात, न ताणता ठेवलं की दोन्ही बाजूंना काळं उरतं. हे मी घरात किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी मला वाद घालायला वेळ नव्हता. चार वाजता माझी धाकटी बहीण वैजू ऑकलंडला निघणार होती, कायमची. गेममधला शेवटचा पूल आम्ही लहानपणी कधीच पार केला नव्हता. दोघांनी बरोबर चालत पलीकडे जायचं, एवढंच होतं. ती दुसरा कंट्रोलर घेऊन सतरंजीवर बसलीही होती.

"दादा, तुझं माप झालं की सांग," ती म्हणाली.

मी आडवं माप एका पिक्सेलने कमी केलं. पट्टी रुंद झाली, तशी सासऱ्यांनी तिच्यात खाट टाकली. मी माप परत वाढवलं, तर खाट आडवी येत होती. जेवणापर्यंत सासूबाई आल्या, त्यांची कऱ्हाडची बहीण आली, दोरी बांधली गेली, तिच्यावर लुगडी वाळत पडली. चित्र अरुंद होत गेलं आणि त्याच्याबरोबर आमचा हॉलही. सोफा दोन्ही टोकांना कापला गेला. रेवतीने चहा आणला तो तिरकं चालत.

"नाना, थोडं सरकता का?" मी सासऱ्यांना म्हणालो.

"कुठं सरकू, जावईबापू? आम्हीच दाटीवाटीनं बसलोय."

माझा संताप संताप झाला. स्केलरचं माहितीपुस्तक एकशे बारा पानांचं होतं आणि त्यात पाहुण्यांबद्दल अवाक्षर नव्हतं.

साडेतीनला वैजू म्हणाली, "असू दे आता. आहे तसंच खेळू."

"नाही. शेवटचं खेळतोय तर नीट खेळू."

"तू कायम हेच करतोस. लहानपणी पण तुझी केबल नीट होईपर्यंत लाईट जायची."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि अजून एक पिक्सेल कमी करून पाहिला.

पावणेचारला चित्रात जेमतेम एका माणसाची रुंदी उरली. सतरंजीवरही तेवढीच. आम्ही अगदी खेटून बसलो, तरी तिचा उजवा खांदा अंधारात जात होता. समोर पूल होता.

"बरोबरच निघायचं," मी म्हणालो.

"हो रे."

आम्ही निघालो. तिचा गडी माझ्या गड्याच्या एक पाऊल पुढे होता. तो चित्राच्या कडेला पोचला आणि न थांबता उजव्या काळ्या पट्टीत चालत गेला. त्या पट्टीत कोणीच राहायला आलेलं नव्हतं. दिवसभर मी तिकडे बघितलंच नव्हतं.

माझ्या शेजारी सतरंजी कोमट होती.

"वैजू?"

"ये की दादा," ती लांबून म्हणाली. "इथं पुष्कळ जागा आहे."

मी बटण दाबलं. माझा गडी जागचा हलेना. दोघंही चित्रात असल्याशिवाय तो गेम पुढे सरकत नाही. दुसऱ्या कंट्रोलरची वायर सतरंजीवरून त्या अंधारात गेली होती आणि ताठ होत चालली होती. गेमच्या डब्यातून तिची पिन हळूहळू बाहेर येऊ लागली.

एका हाताने मी ती आत दाबून धरली. दुसऱ्या हाताने माप बदलू लागलो.