अकराव्या धड्याचा संताप

मी एक जुना धडा आहे. इंग्रजी व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकातला अकरावा, क्रियाविशेषणांचा. काम कसं, कधी, किती केलं हे सांगणारे शब्द नीट कसे वापरावेत, ते मी शिकवतो. म्हणजे, शिकवलं असतं. मित्रांनो, एकतीस वर्षं मला कोणी उघडलंच नव्हतं!

पुस्तक या घरात आलं तेव्हा केवढं कौतुक झालं! बाबांनी पहिल्या धड्यापासून सुरुवात केली आणि नामापाशी दमले. मग आईने पहिल्यापासून सुरुवात केली. मग काकांनी, तीनदा. पहिला धडा बोटं लागून काळा पडलाय. माझी पानं मात्र एकमेकांना चिकटलेलीच राहिली. शेवटी पुस्तक गेलं जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली.

त्याच टेबलावर ताईने बस चालवायच्या नोकरीसाठी अर्ज लिहिला. मी खूप मेहनतीने बस चालवते, असं तिला म्हणायचं होतं. लिहिलं काय? 'आय ड्राइव्ह हार्डली.' म्हणजे, मी बस जवळजवळ चालवतच नाही! अहो, नुसतं 'हार्ड' पुरलं असतं. माझ्या तिसऱ्याच ओळीत आहे. मी खाली दातओठ खात होतो, तेही नसताना.

डेपोच्या साहेबीणबाई पोट धरून हसल्या, पण सोमवारी इंग्रजीच्या लेखी परीक्षेची शेवटची संधी दिली. शनिवारी ताई पुस्तक ओढायला लागली, तर बाबांनी टेबल घट्ट धरलं.

"अगं, टेबल डुगडुगेल!"

"बाबा, माझी नोकरी डुगडुगतेय."

"बरं, घे. पण पहिल्यापासून वाच हं. पाया पक्का हवा."

"तीस वर्षं तुमचा पायाच चाललाय. भिंती कधी?"

तिने लोणी लावायची सुरी घेतली आणि माझी पानं सोडवली. दुखलं. पण रविवारभर तिने मला पेन्सिलीने असं काही खरडलं, की मी एका दिवसात म्हातारा झालो. ताई आता बस चालवते. खूप मेहनतीने.

मित्रांनो, पुस्तक जपायचं म्हणजे नुसतं कव्हर घालायचं नाही. जिथे अडलंय तिथेच उघडा. आणि टेबलासाठी सुतार बोलवा.

आमच्याकडे अजून बोलावलेला नाही. त्या पायाखाली आता इंग्रजी शब्दकोश आहे. 'ए'च्या पुढे त्याला कोणी वाचलेलं नाही. मी वर फळीवर असतो, तरी ऐकू येतं. तो 'झेड'पासून उलट्या क्रमाने शिव्या देतोय.