तुरटीतला चेहरा

त्या बुधवारी आई नेहमीसारखी छावणी भागातल्या तिच्या घरून सिटी बसनं आमच्या मुकुंदवाडीच्या घरी आली. पदर खोचला, पाय पसरले, दोन महिन्यांची नात पायांवर घेतली आणि अंघोळ घालता घालता रोजचं सुरू केलं, "कुणाचं गं हे सोनं? कुणाचे गं हे गाल?"

संध्याकाळी पाचला पोर रडायला लागली की नऊपर्यंत थांबत नसे. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून आई मुद्दाम सातपर्यंत थांबायची.

"दे इकडं. तू पड जरा."

"सारखं उचलू नकोस, आई. सवय लागते. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकाला कडेवर घ्यावं लागत नाही ना," ती म्हणाली आणि पोरीला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारू लागली. मी पडले, पण झोप लागली नाही. मला तिचा राग येत होता. तिच्या खांद्यावर पोर गप्प व्हायची, माझ्या नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या द्वारकाबाई मला वेरूळ रस्त्यावर नजर उतरवणाऱ्या दगडाबाईकडं घेऊन गेल्या. शेतातलं पत्र्याचं शेड. दर गुरुवारी तिथं शंभरेक बायका तान्ही पोरं घेऊन बसत. आत कोळशाची शेगडी, शेगडीमागं दगडाबाई, कपाळभर कुंकू. पोरावरून तुरटीचा खडा सात वेळा उतरवून ती निखाऱ्यावर टाके. खडा वितळे, फसफसे, फुगे आणि पांढरा, वेडावाकडा होऊन बसे. त्यात ज्याची नजर लागली त्याचा चेहरा उमटतो, असं सगळ्या सांगत होत्या.

रांगेत माझ्या पुढं आशाबाई नावाची एक बोलघेवडी बाई होती. "लई रडती का लेकरू? घरी कोण हाय करायला? सासू का आई?" मी सगळं सांगितलं. रात्र रात्र जागलेल्या माणसाला कुणी विचारलं की ते सांगतच सुटतं. तिच्या कडेवर पोर नव्हतं, हे मला दिसलं होतं. मी त्याचा विचार केला नाही.

दगडाबाईनं खडा टाकला, डोळे मिटले, उघडले.

"जवळचंच माणूस हाय. रोज हात लावतंय. तोंडानं लई कौतुक करतंय. बघ, कपाळ बघ. डोईवर पदर बघ."

"व्हय की," मागच्या बायका म्हणाल्या. "म्हातारं माणूस दिसतंय."

मी वाकून पाहिलं. मला आईचं कपाळ दिसलं.

"पाच गुरुवार यायचं," दगडाबाई म्हणाली. "अन् तवर त्या माणसाची सावली पडू द्यायची नाय."

मी नववीला विज्ञान शिकवते, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. तुरटी तापवल्यावर काय होतं, हा धडा मी दर वर्षी वर्गात स्वतः करून दाखवते. तरीही शुक्रवारी आई आली तेव्हा मी दारातच उभी राहिले.

"आई, काही दिवस येऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेरच्या माणसांचा संसर्ग नको."

"बाहेरच्या?" तिनं विचारलं. मी खाली पाहिलं. तिनं पिशवीतून तेलाची बाटली काढून उंबऱ्यावर ठेवली. "कोमट करून लाव," म्हणाली आणि गेली. खरं कारण तिला बस थांब्यावर द्वारकाबाईंकडून कळलं. तिनं मला ते कधी विचारलं नाही.

चौथ्या गुरुवारनंतर पोरीचं रडणं कमी झालं. पाचव्यानंतर ती संध्याकाळी हसू लागली. "आला का नाय गुण?" द्वारकाबाई म्हणाल्या. रविवारी आईला बोलवायचं, असं मी ठरवलं. शनिवारी सकाळी माझा भाऊ श्रीनिवास आला. आई पहाटे झोपेतच गेली होती. तिनं नातीला महिनाभर पाहिलं नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी, गुरुवारी, मी पोरीला घेऊन पुन्हा त्या शेडमध्ये गेले. रांगेत आशाबाई होतीच. इतक्या बायकांत तिनं मला ओळखलं नाही.

"घरी कोण हाय करायला?"

"आई येते रोज," मी म्हणाले. "फार जीव लावते."

थोड्या वेळानं ती पाणी प्यायला म्हणून आत गेली. माझी पाळी आली. दगडाबाईनं खडा टाकला.

"तुझी आईच हाय गं. काल सांजच्याला तिनं पोरीला हात लावलाय. अजून त्या हाताची ऊब हाय लेकराच्या अंगावर."

"माझी आई गेली," मी म्हणाले. "आज सत्ताविसावा दिवस."

दगडाबाई क्षणभरच अडखळली. "मेलेलं माणूस बी नजर लावतंय. त्याची तर लई वाईट."

"मग मेलेल्या हाताला ऊब कुठनं आली, तेही तुरटीत दिसलं असेल," मागून एक म्हातारी म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

मी पिशवीतून किराणा दुकानातला तुरटीचा खडा काढला. कुणावरूनही न उतरवता तो शेगडीत टाकला. "आता कोण दिसतंय ते सांगा."

"माझी जाऊ."

"छे, मांजर हाय."

"मला तर वांगं दिसतंय," म्हातारी म्हणाली.

मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. तुरटीच्या खड्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तापवलं की ते वाफ होऊन निघतं, जाताना खडा फुगवतं. आकार दर वेळी वेगळा. चेहरा आपण बघतो, आणि कुणाचा बघायचा ते आशाबाई रांगेतच विचारून घेते. तिचं पोर कुठं आहे ते विचारा. बायकांनी वळून पाहिलं. आशाबाई तोवर मागच्या दारानं गेली होती.

"पर गुण येतो की ओ बाई," एक पोरगेलीशी आई म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं.

"तुझं किती महिन्यांचं?"

"दोन."

"तान्ह्यांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढायला लागतं. दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त असतं. तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. पाच गुरुवार घालवले की ते महिने येतातच. ताप असेल, दूध पीत नसेल तर दवाखान्यात ने. नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर दे आणि तू झोप. अगदीच सहन होईना तर पाळण्यात नीट ठेव, पाच मिनिटं बाहेर जाऊन बस. दमणं हा गुन्हा नाही. दमलेल्या आईला मदतीचा हात लागतो. ही बाई नेमका तोच हात तोडायला सांगते. माझ्याकडून तिनं तोडवला."

"तुम्ही तर शिकलेल्या दिसता," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

तिला द्यायला माझ्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले,

"आई, तुझी नजर लागली नव्हती. मला ते तेव्हाही माहीत होतं."